अंगठा राहिला

आमच्या दुकानासमोर एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम आहे. त्याला खाली पितळी तोटी बसवलेली आहे आणि तोटीला सुतळीनं साबणाची वडी बांधलेली आहे. पाटोद्यात खत-बियाण्यांची दुकानं पुष्कळ, पण ‘ड्रमवालं दुकान’ म्हटलं की लोक आमच्याकडेच पाठवतात. आत यायचं तर हात धुवून यायचं, हा माझा नियम. गिऱ्हाइकं कुरकुरतात. “अक्का, खत न्यायला आलोय, जेवायला न्हाई,” असं म्हणतात. मी ऐकत नाही. गल्ल्यावर बसून मान उंच करून बघते आणि निम्म्यांना परत तोटीवर पाठवते. “अंगठा राहिला.” माणूस तळहात चोळतो, बोटं चोळतो आणि अंगठा तसाच कोरडा घेऊन येतो. असं का करतात ते महादेवालाच ठाऊक. बाजाराच्या दिवशी समोरच्या चहाच्या टपरीवर माझी नक्कल चालते, तेही मला माहीत आहे.

हे सगळं नवऱ्यासाठी. किंवा खरं सांगायचं तर माझ्या किडनीसाठी, जी आता त्यांच्या पोटात आहे. त्यांच्या दोन्ही गेल्या, माझ्या दोन्ही धडधाकट होत्या, रक्तगट जुळला आणि मी दिली. त्यात मोठेपणा काही नाही, डायलिसिसच्या खुर्चीत त्यांना बघवत नव्हतं म्हणून दिली. पण दिल्यानंतर काय होतं ते मला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. परकी किडनी अंगाला खपत नाही. ती खपावी म्हणून अंगाची ताकदच गोळ्यांनी खाली ठेवायची. म्हणजे नव्या सुनेला घरच्यांनी छळू नये म्हणून घरच्यांनाच गुंगी देऊन झोपवायचं. सून सुखात राहते, पण मग घरात कुणीही शिरावं. साधी उलटी-जुलाबाची साथसुद्धा यांना महागात पडणार, कारण उलटीतून गोळ्या बाहेर पडल्या आणि अंगातलं पाणी गेलं की किडनी धोक्यात.

“वाहत्या पाण्याखाली हात धुवायचे,” असं संभाजीनगरच्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही आलं तर. आम्ही अर्ध्या तांब्यात हात, पाय, चूळ सगळं उरकणारी माणसं. हात धुतलेलं पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात गेलं नाही तर सासूबाईंचा जीव खालीवर व्हायचा. वाहतं पाणी कुठून आणू? म्हणून तो ड्रम आला. दुकानाला एक, घरात मोरीजवळ एक.

तीन वर्षं अशी गेली. मग एक दिवस हे संध्याकाळी दुकानातून आले ते हसतच आले. ज्या कंपनीचं खत आम्ही विकतो ती दरवर्षी चांगला खप करणाऱ्या दुकानदारांना सहलीला नेते. आजवर फक्त पुरुष जायचे आणि परत येऊन काय काय सांगायचे. या वेळी जोडीनं बोलावणं होतं, आणि तेही जहाजावर. मुंबईहून लक्षद्वीप, आणि परत.

“न्हाई जायचं,” मी म्हणाले.

“कावून?”

“कावून म्हणून इचारता? हजार माणसं एका जागी. एकाच भांड्यात हात.”

“अगं, तू मला लोणच्याच्या बरणीवाणी ठिवलंय. झाकण लावून, फडकं बांधून. म्या अजून समुद्र बगितला न्हाई.”

“लोणच्याला ओला हात लागला की काय व्हतं ते तुमाला म्हाईत हाय.”

“बुरशी येती. म्हाईत हाय. पर बरणी कधी तरी फडताळातून खाली घेत्यात का न्हाई?”

मला राग आला. माझं ऐकायचं नाही आणि वर माझंच लोणचं माझ्या अंगावर. दोन दिवस मी धड बोलले नाही. शेवटी हे परस्पर डॉक्टरांना विचारून आले आणि डॉक्टरांनी जा म्हणून सांगितलं. मला फोनवर एवढंच म्हणाले, की हातावर फवारायच्या बाटलीवर विसंबू नका, उलटी-जुलाबाचे काही जंतू तिला जुमानत नाहीत. साबण लावून नीट चोळायचं आणि पाण्यानं वाहून घालवायचं. आणि काही झालंच तर वाट बघत बसू नका. मी साबणाच्या वड्या घेतल्या, घरचे चमचे घेतले, पाण्यात घालायच्या साखर-मिठाच्या पुड्या घेतल्या. डोकं दुखलं तर माझ्यासाठी म्हणून एक गोळ्यांची पट्टी घेतली. त्या गोळ्या किडनीला वाईट, म्हणून यांच्या हाताला लागू नये अशा बेतानं ती पट्टी पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवली.

आमच्या भागातली बरीच जोडपी होती. उमापूरचे एक शेट, गेवराईकडचे आणखी दोघं-तिघं, आणि शिरूर कासारच्या वहिनी आणि त्यांचे मालक. या वहिनींबद्दल सांगायला हवं. आमच्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही दोघंही एकदमच दवाखान्यात पडून होतो, मी एका खोलीत, हे दुसऱ्या. नातेवाईक येत, डोळे पुसत, जात. वहिनी तेव्हा संभाजीनगरला आपल्या बहिणीकडे राहायला आल्या आणि रोज ज्वारीची भाकरी आणि मुगाचं वरण घेऊन येत राहिल्या, मी उठून बसेपर्यंत. पहिला घास त्यांनी मला हातानं भरवला. त्यांची आमची तेवढी जुनी ओळखही नव्हती, दुकानदारा-दुकानदारांची होती तेवढीच.

जहाजावर पाय ठेवला आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. लोक समुद्र बघत होते, मी हात बघत होते. जिन्याचे कठडे, लिफ्टची बटणं, गाण्याच्या कार्यक्रमात इकडून तिकडे फिरणारा माइक. जेवणाच्या दालनाच्या दारात एक पोरगी हसत हसत प्रत्येकाच्या हातावर बाटलीतून फवारा मारायची. आपली माणसं तीर्थ घेतल्यासारखी उजव्या हाताची ओंजळ पुढं करत. उमापूरच्या शेटनी तर तो ओला हात सवयीनं डोक्यावरून मागे फिरवला. ती पोरगी बघतच राहिली. आणि तो फवारा घेऊन आत गेलं की पुन्हा तोच सगळ्यांनी धरलेला डाव, तीच पळी. मी यांचं ताट कागदी रुमालात पळी धरून वाढायची, टेबलावर ठेवायची आणि यांना परत हात धुवायला पिटाळायची.

“आता तर फवारलं की.”

“साबणानं. जा.”

परत आले की मी हात बघायची. “अंगठा राहिला.” हे पुन्हा उठायचे. भोवतीची माणसं हसायची. एकदा हे ताटावर बसता बसता म्हणाले, “भाजी गार झाली, पर किडनी गरम हाय, बास.” त्यावर मीही हसले, नाही म्हणत नाही.

आमच्या खोलीतल्या नळाला पाणी इतकं, की माझ्यानं बघवेना. गार वेगळं, ऊन वेगळं, आणि चोवीस तास. मी साबण चोळेपर्यंत नळ बंद करायची आणि धुवायला परत उघडायची, आणि तेवढ्यातही कुणाच्या तरी वाट्याचं सांडतेय असं वाटायचं. पाटोद्याला वाहतं पाणी नाही म्हणून जीव जायचा, इथं वाहतंय म्हणून जायचा. पण सकाळची वेळ चांगली होती. हे आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग सोडायचे, डाव्या तळहातावर घ्यायचे आणि खाली गोधडीवर बसून त्याच्याकडे टक लावून पूजा करायचे. त्या वेळी यांचा हात किती स्वच्छ असतो आणि किती जपून असतो. तळहाताकडे असं दिवसभर बघितलं तर मला काही कामच उरणार नाही, असं मी यांना म्हणालेही. पण पूजा झाली, लिंग गळ्यात गेलं, की हे निघाले पत्त्यांच्या अड्ड्यावर.

तिथं शिरूरचे मालक पानं वाटायचे. प्रत्येक पान वाटताना अंगठा जिभेला लावायचा आणि मग पान सरकवायचं. दुकानात नोटा मोजायची सवय, ती जहाजावर कशी सुटणार? मी मागे उभी राहून ते बघत होते. शेवटी, “अहो, जरा वर या, काहीतरी दिसतंय,” असं खोटंच सांगून यांना उठवून डेकवर नेलं. वर काहीही दिसत नव्हतं. पाणी, पाणी आणि पाणी.

“काय दिसतंय?” हे म्हणाले.

“समुद्र. बघायचा व्हता ना? बघा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरूरच्या वहिनी चहाला आल्या नाहीत. त्यांचे मालक म्हणाले, “जहाज लागलं हो तिला. पहाटंपून उलट्या.” सगळ्यांनी मान डोलावली. गाडी लागते तसं जहाज लागतं, त्यात काय. कुणी लिंबू दिलं, कुणी आल्याची वडी दिली. मी कठड्याशी गेले आणि खाली बघितलं. पाणी ताटात वाढून ठेवल्यासारखं निवांत होतं. जहाज चालतंय की उभं आहे तेही कळत नव्हतं. बसच्या मागच्या सीटवर बसून सौताड्याचा घाट उतरणाऱ्या वहिनींना या पाण्यावर उलट्या होत होत्या. मला ते पटलं नाही. पण मी काय करणार होते? ओरडून सांगणार होते?

मी एवढंच केलं, की यांना दिवसभर त्या अड्ड्यावर जाऊ दिलं नाही. हे चिडले. “तुला काय झालंय? जरा बूड टेकून बस की.” मला बसवत नव्हतं. बसलं की वाटायचं, तेवढ्यात हे कुणाच्या हाताला हात लावतील. डेकवरून खोलीत, खोलीतून डेकवर, असं मी दिवसभर फिरत राहिले आणि यांना मागोमाग फिरवत राहिले.

दुपार कलली तशा वहिनी आल्या. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले, पण डोक्यावर पदर नीट आणि तोंडभर हसू. “मला आता बरं हाय,” म्हणाल्या. “त्या भाजीत काय घालत्यात कुणाला ठावं. चला समदे आमच्या खोलीत. आपलं घरचं खाऊ.”

त्या शब्दाला सगळे हुरळले. जहाजावरच्या जेवणाचा एव्हाना सगळ्यांना वीट आला होता. त्यात शेजारच्या भांड्यात मटण, त्याचाच डाव इकडे येतो की काय ही शंका. वहिनींच्या खोलीत पलंगावर धडपा अंथरला होता. स्टीलच्या डब्यात धपाटे, एका डब्यात शेंगदाण्याची चटणी, एकात ठेचा. खोलीभर ज्वारीच्या पिठाचा आणि लसणाचा वास. माणसं दाटीवाटीनं बसली. फवारा नाही, साबण नाही, कुणाला आठवणसुद्धा झाली नाही, कारण इथं परकं कोण होतं? चटणीच्या डब्यात चार दिशांनी हात जाऊ लागले. दोन दिवस जी माणसं परक्या पळीला शिवायला कचरत होती ती आता एकमेकांच्या बोटांना बोटं लावून जेवत होती. मी दारातूनच मोरीत डोकावले. बेसिनवर साबणाची वडी अजून कागदातच होती.

वहिनी आमच्यापुढे आल्या. डाव्या हातात धपाटं, उजव्या हाताच्या बोटांनी त्यावर चटणी ठेवलेली. एक मला दिलं, एक यांच्यापुढे धरलं. “घ्या भाऊजी. तुमाला आवडतंय म्हणून तीळ घातल्यात.”

यांनी हात पुढे केला.

त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते सगळं मला आठवतं. हा हात सकाळी कुठं होता ते मला कळत होतं. हाच हात दवाखान्यात माझ्या तोंडापर्यंत आला होता हेही माझ्यापुढे होतं. नको म्हणावं तर त्या हाताला नको म्हणायचं. आणि घेऊ द्यावं तर तीन वर्षं ज्यासाठी सगळ्या पाटोद्याचे शिव्याशाप खाल्ले ते एका घासात घालवायचं. मी यांच्या हाताआधी माझा हात घातला आणि धपाटं घेतलं.

“यांना डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, वहिनी. यांच्या वाटणीचं मीच खाते. तुमच्या हातचं सोडायचं म्हणजे काय.”

“हे बगा,” हे सगळ्यांना म्हणाले. “हितंबी मपल्या ताटातलं पळविती.” लोक हसले. वहिनी हसल्या. मी दोन्ही धपाटे खाल्ले, चटणीसकट, आणि खरं सांगते, चवीला फार सुंदर होते. माझं काय, मी धडधाकट बाई. मला काय होतंय, असं माझ्या मनात होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज लक्षद्वीपपाशी उभं राहिलं. तिथून लहान बोटींनी बेटावर नेणार होते. हे आंघोळ, पूजा उरकून, नवी टोपी घालून तयार. मला रात्रीपासूनच आतून ढवळत होतं पण मी बोलले नव्हते. डोकं ठणकायला लागलं तेव्हा पर्समधली ती वेगळी पट्टी काढून एक गोळी घेतली. मग सुरू झालं. मी मोरीत शिरले आणि आतून कडी लावली.

“काय झालं?” हे बाहेरून म्हणाले.

“काही न्हाई. तुमी जावा बेटावर. दार उघडू नका. दाराच्या मुठीला हात लावला का?”

“लावला.”

“धुवा. बाहेरच्या नळावर कुठं तरी. साबणानं. आन जावा.”

मला यांना कसंही करून त्या खोलीतून बाहेर काढायचं होतं. माझ्या उलट्यांची मला भीती नव्हती. माझ्या उलट्या यांना लागतील ही भीती होती. फरशीवर बसून मी एकच हिशेब करत होते, की यांनी सकाळपासून कशाकशाला हात लावला. टॉवेल वेगळा होता. तांब्या एकच होता. तांब्या आठवला आणि मला रडू फुटलं.

हे गेले नाहीत. यांनी फोन करून जहाजाच्या डॉक्टरला बोलावलं. मला तेही नको होतं, कारण आजार कळला की खोलीत कोंडतात, मग यांचं बेट बुडणार. वहिनीही त्यासाठीच गप्प बसल्या होत्या, हे मला त्या फरशीवर बसून समजलं.

डॉक्टर बाई केरळकडच्या होत्या, तोंडाला मास्क, हातात मोजे, हिंदी बोलणाऱ्या. मला पलंगावर आणून निजवलं. त्यांनी विचारलं, आधीचा काही आजार आहे का, काही ऑपरेशन झालंय का? मी पडल्या पडल्या दाराकडे हात केला.

“मेरेकू कुछ नै. उनकू है.” आणि मला पाठ असलेलं सगळं मी सुरू केलं. यांच्या गोळ्यांची नावं, त्यांच्या वेळा, यांना काय चालतं, काय चालत नाही. “उनकू पहले देखो, मॅडम. उनकू इस कमरे में मत रखो.” बाई माझ्याकडे बघत होत्या, यांच्याकडे बघत होत्या. आजारी कोण आहे तेच त्यांना कळेना.

हे दारातच उभे होते, दोन्ही हात अंगापासून लांब धरून. मी शिकवलं होतं तसे.

“मॅडम,” हे म्हणाले, “इनकू एकच किडनी है. दुसरी मेरे पास है.”

खरं सांगते, ते ऐकून मला आधी वाटलं, हे कुणाबद्दल बोलतायत? आमच्या घरात किडनी म्हणजे यांच्या पोटातली. तिला काय मानवतं, तिला काय सोसत नाही, तिची तपासणी कधी, तिला प्रवास झेपेल का, हेच आमचं बोलणं. जी माझ्यातच मागे राहिली तिचं नाव कुणी काढलं नव्हतं, आणि मी तर कधीच नाही. डॉक्टर बाईंनी लगेच सलाईन मागवलं. कुठली गोळी घेतली म्हणून विचारलं आणि मी पट्टी दाखवली तर त्यांनी कपाळाकडे नेलेला हात मोज्यामुळे मध्येच थांबवला. “ही गोळी तुम्हालाही चालत नाही,” त्या हिंदीत म्हणाल्या. “तुम्हाला कुणी सांगितलं नाही?” सांगितलं असेल. मला घरी सोडताना माझाही एक कागद दिला होता. मी तो यांच्या फाईलमध्ये ठेवला आणि पुढे यांचेच कागद त्याच्यावर चढत गेले.

यांना शेजारची रिकामी खोली दिली. यांची नवी टोपी माझ्या खोलीत खुंटीवर राहिली. बेट यांनी डेकवरून बघितलं असेल तेवढंच. मधल्या भिंतीपलीकडे यांच्या नळाचा आवाज यायचा, पुष्कळ वेळ यायचा, आणि मला बरं वाटायचं. मग फोन वाजायचा.

“पाणी पिली का?”

“पिले.”

“किती?”

“पेलाभर.”

“खोटं बोलू नगं. आवाज कोरडा हाय. आजून पी, म्या फोन धरतो.”

फोन कानाशी धरून मी ते साखर-मिठाचं पाणी घोट घोट पीत होते आणि हे पलीकडे घोट मोजत होते. यांना कधी त्रास सुरू होतो याची मी वाट बघत होते. प्रत्येक वेळी विचारायची, पोटात काही होतंय का, तोंडाला पाणी सुटतंय का. मुंबई येईपर्यंत काही झालं नाही. आपल्यातल्या चार-पाच जणांना झालं, उमापूरच्या शेटनाही झालं. शिरूरच्या वहिनींचा खोलीतल्या फोनवर फोन आला. त्या रडत होत्या. “मला वाटलं कोंडत्याल, अन मपल्यापायी यांचं बेट बुडंल. म्या तुमाला कशाला घास दिला.” मला राग आला होता आणि तो मी त्यांना बोलून दाखवला. मग विचारलं, त्यांच्याकडे साखर-मिठाच्या पुड्या आहेत का. नव्हत्या. डॉक्टर बाई आल्या तेव्हा माझ्यातल्या चार त्यांच्या हाती वहिनींकडे पाठवल्या आणि सोबत निरोप धाडला की साबणाचा कागद फाडा.

घरी आलो तेव्हा माझ्या अंगात जीव नव्हता, पण मी उभी होते. संभाजीनगरला यांच्या तपासणीची तारीख आली. दर वेळी मी बाहेरच्या बाकड्यावर फाईल घेऊन बसते आणि हे आत रक्त द्यायला जातात. या वेळी यांनी माझा हात धरून मला आत नेलं आणि रक्त काढणाऱ्या मुलीला सांगितलं, “आधी हिचं काढा.” मी म्हणाले, कशाला, मी बरी आहे. यांनी ऐकलं नाही. आमचे दोघांचे रिपोर्ट एकाच पाकिटात आले. डॉक्टरांनी दोन्ही बघितले आणि दोन्ही ठीक आहेत म्हणाले. यांनी पुन्हा विचारलं, हिचा नीट बघितला का.

त्या दिवशी संध्याकाळी परत पाटोद्याला आलो. मी भाकरी टाकल्या, ताट वाढलं आणि नेहमीसारखी हाक मारली की या, हात धुवा. आमच्याकडे आधी गडीमाणसं जेवतात आणि मग आम्ही, अजूनही. हे मोरीजवळच्या ड्रमपाशी आले, तोटी सोडली आणि हात पुढे न करता बाजूला उभे राहिले.

“आधी तू.”

“माझं मागून हाय.”

“आज न्हाई. धू.”

ताटातली भाकरी गार होत होती आणि ड्रममधलं पाणी उगाच वाहत होतं, म्हणून मी वाद न घालता हात तोटीखाली धरले. साबण घेतला. तळहात चोळले, बोटं चोळली, बोटांमधलं चोळलं. हे वाकून माझ्या हातांकडे बघत होते. सकाळी पूजेला बसल्यावर तळहाताकडे बघतात तसे, पापणी न हलवता. मला एकदम अवघडल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत माझ्या हातांकडे असं कुणी बघितलं नव्हतं. डोळे भरून आले म्हणून मी घाईघाईनं हात पाण्याखाली धरले आणि पदराला पुसायला लागले.

“थांब,” हे म्हणाले. “अंगठा राहिला.”

मी परत तोटीखाली हात धरला आणि अंगठा धुतला.